‘आजचे युग हे विज्ञानयुग आहे...’ पण पुढे काय?

गेल्या दिवाळीत चार दिवस बडोद्याला ताईकडे गेले होते. घरात फराळाचे डबे, पाहुण्यांची ये-जा, बाहेर फटाक्यांचा आवाज. आणि या सगळ्यात जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा धरून माझी भाची वही उघडून बसलेली. तिथल्या एका मराठी मंडळाने शाळकरी मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय होता, ‘शाळकरी मुलांच्या हाती मोबाइल असावा का?’ शब्दमर्यादा सहाशे. मुलगी दहावीतली आणि बोलकी. एरवी या विषयावर तिला नुसते छेडले तरी अर्धा तास थांबायची नाही. वहीत डोकावले, तर तीन पाने फाडलेली आणि चौथ्यावर एवढेच :

‘आजचे युग हे विज्ञानयुग आहे. विज्ञानाने मानवाचे जीवन सुखकर केले आहे. नाण्याला जशा दोन बाजू असतात, तशाच मोबाइललाही दोन बाजू आहेत. मोबाइल शाप की वरदान, हे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.’

‘‘मावशी, पुढे काही सुचतच नाही गं,’’ ती रडवेली होऊन म्हणाली.

सुचणार तरी कसे? चार वाक्यांत तिने निबंध सुरूही केला होता आणि संपवलाही होता. दोन्ही बाजू बरोबर, निर्णय वापरणाऱ्याचा. मग लिहिणाऱ्याने सांगायचे उरले काय?

तुमच्या घरात दहावी-बारावीचे मूल असेल, तर ही वाक्ये तुमच्या ओळखीची असतील. खरे तर आपणही आपल्या शाळेत हीच लिहिली आहेत. तेव्हा मोबाइलच्या जागी दूरदर्शन होते, इतकाच काय तो फरक. आणि हा प्रश्न शाळेपाशी संपत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. तीन तासांत दोन निबंध, गुण २५०. हे निबंध मराठीतूनही लिहिता येतात. तेथेही गाडी पहिल्या परिच्छेदाशीच अडते. वर्तमानपत्राला पत्र लिहायचे असो, सोसायटीच्या सभेत निवेदन द्यायचे असो, आपले म्हणणे दुसऱ्याला पटवायचे म्हटले की सुरुवातीलाच पेन थबकते.

ओळख कशाची करून द्यायची?

शाळेत आपल्याला शिकवलेले असते : आधी प्रस्तावना, मग मुद्दे, शेवटी समारोप. आणि प्रस्तावना म्हणजे काय, तर विषयाची ओळख. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ किंवा ‘माझी आजी’ अशा निबंधाला हे ठीक आहे. आजी वाचणाऱ्याला माहीत नसते, तिची ओळख करून द्यावीच लागते. पण मोबाइल म्हणजे काय, हे परीक्षकाला ठाऊक असते. त्याला ठाऊक नसतात त्या दोन गोष्टी. या विषयात नेमके भांडण कशाचे आहे, आणि तुम्ही कोणत्या बाजूला उभे आहात.

म्हणून वैचारिक निबंधाच्या सुरुवातीत विषयाची नव्हे, वादाची ओळख करून द्यायची असते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली, की निम्मे काम झाले.

आपली सुरुवात तशी आहे की नाही, हे तपासायच्या दोन सोप्या युक्त्या आहेत. पहिली आमच्या सरांची. मी पत्रकारितेची पदविका करत होते, तेव्हा ते आमच्या लेखाचा पहिला परिच्छेद तळहाताने झाकून दुसऱ्यापासून वाचायला लागायचे. वाचताना कुठे अडले नाही, तर म्हणायचे, ‘‘वरचे काढून टाका. त्याच्यावाचून काही बिघडत नाही.’’ वर्गातल्या निम्म्याअधिक लेखांचा पहिला परिच्छेद असा उडत असे. माझाही किती वेळा उडाला!

दुसरी युक्ती अदलाबदलीची. तुमच्या पहिल्या वाक्यातला विषय काढून तेथे दुसरा घालून पाहा. ‘नाण्याला जशा दोन बाजू असतात, तशाच मोबाइललाही’ हे वाक्य घ्या. मोबाइलऐवजी धरणे घाला, जाहिराती घाला, क्रिकेट घाला. वाक्य मजेत उभे राहते. जे वाक्य कोणत्याही निबंधात चालते, ते कोणत्याच निबंधाचे नसते.

भाचीच्या चार वाक्यांना या दोन्ही युक्त्या लावल्या. एकही टिकले नाही. तिला हसू आले, हे त्यातल्या त्यात बरे.

अण्णांची पाच पावले

भाऊजींचे वडील, अण्णा, शेजारी वर्तमानपत्र वाचत बसले होते. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, ‘‘यात नवीन काय सांगतेस? मीमांसकांनी हे केव्हाच बांधून ठेवलं आहे.’’

आणि त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. मीमांसाशास्त्रात एखाद्या प्रश्नाचा विचार करायचा, तर त्याचे पाच भाग पाडतात. विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. म्हणजे आधी कशाविषयी बोलतो आहोत ते. मग त्यात शंका कोणती ते. मग समोरच्याचे म्हणणे. मग आपला निर्णय. आणि शेवटी, मागच्यापुढच्याशी त्याचा संबंध काय ते.

‘‘तुम्ही मुलं विषय लिहिता आणि एकदम संगतीवर उडी मारता,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मधले तिघे कुठे गेले? संशयच नसेल तर वाद कशाला?’’

वाचकहो, शेकडो वर्षांची ही पद्धत आजच्या निबंधाला इतकी चपखल बसेल, असे मलाही वाटले नव्हते. पाचवे पाऊल, म्हणजे संगती, निबंधाच्या पोटासाठी आणि शेवटासाठी ठेवू. पहिली चार पावले पहिल्याच परिच्छेदात टाकायची. एकेकाला एक-दोन वाक्ये पुरतात.

विषय डोळ्यांपुढे आणा. ‘विज्ञानयुग’ कोणाला दिसत नाही. मी भाचीला विचारले, ‘‘तुझ्या हाती मोबाइल पहिल्यांदा कधी आला?’’ ती म्हणाली, ‘‘शाळा बंद झाल्या तेव्हा. पाचवीत.’’ २०२० साली तिच्या घरी दोनच फोन होते. एक भाऊजी कामावर घेऊन जात. दुसऱ्यावर ही आणि तिचा धाकटा भाऊ पाळी लावून वर्गाला बसत. हे ऐकले आणि मी म्हटले, झाली सुरुवात!

संशय सांगा. ज्यावर दोन शहाणी माणसे वेगळे बोलू शकतात, तोच वादाचा विषय. येथे तर सारे जगच वेगवेगळे बोलते आहे. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला बंदी केली. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालात मात्र अशी बंदी करणारे देश चारांतल्या एकाहूनही कमी असल्याची नोंद आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. त्या मनाईने फोनला हात लावला नाही. म्हणजे प्रश्न ‘शाप की वरदान’ असा नाहीच. तो आहे, बंदी कशावर, कुठे आणि कोणत्या वयापर्यंत? प्रश्न असा बारीक झाला की उत्तरही सुचू लागते. ही माहिती मात्र सगळी पहिल्या परिच्छेदात कोंबू नका. ती पुढे मुद्द्यांच्या कामी येते.

पूर्वपक्ष मान्य करा. समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडायचे, चेष्टेने नव्हे. ‘काही जुन्या विचारांचे लोक म्हणतात’ असे लिहिले की जुन्या विचारांचा परीक्षक तेथेच दुखावतो. आणि समोरची बाजू लुळीपांगळी करून तिला हरवण्यात मोठेपणा तो कसला?

आपली प्रतिज्ञा करा. हा शब्दही अण्णांचाच. न्यायशास्त्रात अनुमान दुसऱ्याला पटवायचे, तर त्याचे पहिले वाक्य प्रतिज्ञा असते. पर्वतावर अग्नी आहे. मग कारण, कारण तेथे धूर आहे. मग दाखला, जसे स्वयंपाकघर. आधी ठाम बोलायचे, मग कारण द्यायचे. आपण मात्र धूर, ढग, धुके यांचे वर्णन करत पान भरतो आणि अग्नी आहे की नाही, ते वाचणाऱ्यावर सोपवतो.

अडले कुठे?

येथपर्यंत भाचीची गाडी छान चालली. पण चौथ्या पावलाशी ती पुन्हा थांबली. वहीवर पेन टेकवलेले, लिहीत काहीच नाही.

‘‘तुझं मत काय आहे?’’

‘‘मुलांना फोन द्यावा. पण घरातला. त्यांचा एकट्याचा नको.’’

‘‘छान आहे की. लिही.’’

‘‘आणि...’’ तिने स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. ‘‘नियम मोठ्यांनाही पाहिजेत. बाबा जेवताना फोन बघतात. आम्हाला मात्र ओरडतात. पण हे लिहिलं तर बाबा वाचतील ना!’’

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. ‘आजचे युग हे विज्ञानयुग आहे’ हे वाक्य काही तिला सुचत नाही म्हणून आले नव्हते. ते लपायची जागा होती. दोन्ही बाजू बरोबर म्हटले की कोणी रागावत नाही. ना परीक्षक, ना बाबा. आपल्या घरांत मुलांना उलट बोलू नये, असे शिकवतो आणि मग परीक्षेत मत मांडायला सांगतो. मत मांडायची सवयच नसेल, तर ते पहिल्या परिच्छेदात येणार कुठून?

मी तिला एवढेच म्हटले, ‘‘बाबांवर लिहू नकोस. मोठ्यांच्या नियमावर लिही. माणसाला दोष देणं वेगळं आणि नियम मागणं वेगळं.’’ हा फरक वैचारिक लिखाणात फार मोलाचा आहे. व्यक्ती बाजूला ठेवली की तेच म्हणणे भांडण न राहता युक्तिवाद होतो.

थोड्या वेळाने तिने वही पुढे केली :

‘२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मी पाचवीत होते. घरात दोन फोन होते. एक बाबांबरोबर कामावर जाई. दुसऱ्यावर मी आणि माझा भाऊ पाळी लावून शिकत होतो. त्याचे गणित आणि माझे विज्ञान एकाच वेळी आले, की भांडण ठरलेले. आज माझ्या वर्गातल्या अनेकांकडे स्वतःचा फोन आहे आणि तो काढून घ्यावा की ठेवू द्यावा, हे पालकांना कळत नाही. मुले अभ्यास सोडून त्यातच रमतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. तरीही फोन मुलांपासून तोडणे हा उपाय मला पटत नाही. माझ्या मते शाळकरी मुलाला फोन मिळावा, पण तो घरातला असावा, त्याच्या एकट्याचा नसावा. आणि त्याचे नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू असावेत.’

आता अण्णांची पावले मोजून पाहा. दोन फोनांची गोष्ट, हा विषय. काढून घ्यावा की ठेवू द्यावा, हा संशय. ‘तक्रार खोटी नाही’, हा पूर्वपक्ष. ‘माझ्या मते’पासून प्रतिज्ञा. शिवाय शेवटच्या दोन वाक्यांत पुढच्या निबंधाचा नकाशाही आला. फोन का मिळावा, घरातला का असावा आणि नियम मोठ्यांना का हवेत, हे तीन परिच्छेद आता आपोआप मागे लागतात. ‘पुढे सुचत नाही’ ही तक्रार उरली नाही. झाकून पाहण्याची युक्ती लावा. हा परिच्छेद झाकला तर पुढचे काही कळणार नाही.

थोरांनी कशी केली?

पुस्तकातल्या नमुन्यांपेक्षा आपल्याच भाषेतले थोर युक्तिवाद पाहावेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध केले. ते एका घडलेल्या गोष्टीतून जन्मले. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला आणि त्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीलाच दूषणे दिली जाऊ लागली. ताराबाईंनी ‘स्त्री ही क्षणाची पत्नी...’ अशा सुविचारांचा आसरा घेतला नाही. दोष फक्त बायकांतच असतात काय, हा प्रश्न त्यांनी थेट पुरुषांपुढे ठेवला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. पहिल्या अंकातील अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. या एका चित्रात विषय आहे, अन्याय आहे आणि लेखकाची बाजूही आहे. उपमा द्यायचीच तर अशी, जी युक्तिवाद पुढे नेते. नाण्याच्या दोन बाजू काहीच पुढे नेत नाहीत.

प्रश्नाने सुरुवात करावी का, असे मुले नेहमी विचारतात. करावी, पण उत्तर द्यायची तयारी असेल तरच. लोकमान्य टिळकांच्या १८९७ सालच्या ‘केसरी’तील अग्रलेखाचे शीर्षकच ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे होते. प्रश्न ऐकताच लेखक कोणत्या बाजूला उभा आहे, ते कळते. ‘मोबाइल चांगला की वाईट?’ या प्रश्नातून ते कळत नाही.

पहिले ते शेवटी

आता एक उलटा सल्ला. सुरुवात शेवटी लिहा. हे ऐकून भाची चकित झाली. पण रोमन वक्ता सिसेरो याच्या वक्तृत्वावरील ग्रंथात, इसवी सनापूर्वी ५५ सालच्या, एक पात्र हेच सांगते. आधी सगळ्या मुद्द्यांचा विचार करावा आणि प्रारंभाकडे सर्वांत शेवटी वळावे. कारण सुरुवात आधी शोधायला गेले, तर हाती लागते ते पोकळ किंवा सगळ्यांच्याच तोंडचे असते. विज्ञानयुग तेव्हाही होते म्हणायचे!

परीक्षेत वेळ थोडा, हे खरे. म्हणून कच्च्या कामाच्या पानावर पाच मिनिटे द्यावीत. आपले मत एका वाक्यात, त्याखाली तीन कारणे आणि एक समोरची हरकत. एवढे झाले की मगच उत्तरपत्रिकेवर पहिले वाक्य लिहावे. मत एका वाक्यात मावत नसेल, तर ते अजून ठरलेले नाही, असे समजावे. घरी लिहीत असाल, तर वर चार-पाच ओळी रिकाम्या सोडा आणि निबंध झाल्यावर त्या भरा.

काही खड्डे मात्र टाळा. शब्दकोशातला अर्थ देऊन सुरुवात करू नका. थोरांच्या नावावर सुविचार खपवू नका. तो त्यांचाच आहे याची खात्री नसते आणि तपासणारा तो रोज शंभरदा वाचत असतो. ‘मी माझ्या अल्पमतीप्रमाणे लिहीत आहे’ अशी माफीही मागू नका. आकडा आठवत नसेल तर गाळा. चुकीच्या आकड्याने पुढचे खरेही संशयास्पद होते. आणि पहिला परिच्छेद साऱ्या निबंधाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाहून मोठा होऊ देऊ नका. उंबरठ्यावरच पाहुण्याला फार वेळ उभे करू नये.

पालकांनाही एक विनंती. मुलाचा निबंध वाचताना आधी शुद्धलेखनाची लाल रेघ मारू नका. ‘‘तुला काय वाटतं?’’ एवढे विचारा आणि उत्तर आपल्याला न पटणारे असले तरी पुरते ऐकून घ्या. वैचारिक निबंधाची खरी सुरुवात तेथे होते.

भाऊबीजेच्या रात्री जेवणे झाल्यावर भाऊजींनी तो निबंध वाचला. भाची पाण्याचा तांब्या उचलण्याच्या निमित्ताने तेथेच घुटमळत होती. भाऊजींनी शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा पहिले पान उघडले.

‘‘सुरुवात वाचली आणि पुढे वाचावंसं वाटलं,’’ ते म्हणाले. ‘‘पण तुझं तिसरं म्हणणं मला मान्य नाही. माझा फोन कामाचा असतो. माझ्याकडे त्याला उत्तर आहे.’’

एखाद्या युक्तिवादाला याहून मोठी दाद कोणती? निबंध वाचून कोणाला उत्तर द्यावेसे वाटले, म्हणजे तो पोहोचला.

भाचीने तांब्या खाली ठेवला. ‘‘मग तुम्हीही लिहा ना, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त विज्ञानयुगापासून सुरू करू नका!’’